30 जूनच्या आत

"आलं का तुझं?" असं अक्कानं विचारलं तेव्हा मला वाटलं, ती लसीच्या मेसेजबद्दल बोलतीय. एप्रिल 2021 चा दुसरा आठवडा. पंचेचाळीसच्या वरच्यांना लस सुरू झाली होती आणि आमच्या सोलापूरच्या विडी घरकुलात दुसरा विषय नव्हता. मी म्हटलं, माझं वय कुठं बसतंय अजून त्यात.

"लस न्हवं रे. ईएसआयचे पैसे."

अक्का आमच्याच कारखान्यात शिलाईला होती, टॉवेलच्या कडा मारायची. मी पलीकडच्या टेबलावर, चेकिंग-फोल्डिंगला. डाग, तुटलेला धागा, ओढला गेलेला लूप बघायचा, माल वेगळा काढायचा, घडी घालून बंडल बांधायचं. चौदा वर्षं अक्कलकोट रोड एमआयडीसीत हेच केलं. अक्काला गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वरच्या जत्रेच्या, दिवसांत खात्यावर पैसे आले होते. (त्या वर्षी गड्डा भरलाच नाही, पण आमच्याकडं जानेवारीला गड्डाच म्हणतात.) नोकरी गेल्याचे पैसे. तिच्या पोरानं अर्ज भरला होता.

मी आधी हसलो. नोकरी गेल्याचे पैसे कोण देतंय? मग तिनं पासबुकच आणून दाखवलं.

घरी आलो तो डोक्यात एकच हिशोब घेऊन. ईएसआय म्हणजे कामगारांचा सरकारी विमा, त्याचं कार्ड माझ्याकडंही होतं. दर महिन्याला पगाराच्या चिठ्ठीत 84 रुपये कापलेले दिसायचे. 2019 च्या जुलैच्या आधी तर कपात दुपटीच्या वर होती. पगाराच्या पावणेदोन टक्क्यांवरून ती पाऊण टक्क्यावर आली. त्या कार्डाचा उपयोग मला ठाऊक होता तो एवढाच की होटगी रोडच्या विम्याच्या रुग्णालयात बायकोचं ऑपरेशन फुकटात झालं. कार्ड म्हणजे दवाखाना, एवढंच समीकरण. त्यात बेकारीचंही काही असतं हे चौदा वर्षांत मला ना कुणी सांगितलं, ना मी विचारलं.

नोकरी गेली कशी, ते थोडक्यात. 21 मार्च 2020 च्या शनिवारी शेवटची पूर्ण पाळी केली. रविवारी जनता कर्फ्यू, मग लॉकडाऊन. एप्रिलचा मालकानं अर्धा पगार दिला, मेचा दिला नाही. जूनमध्ये कारखाना थोडा थोडा सुरू झाला, तेव्हा आम्हाला आलटून पालटून बोलावलं. माझ्या वाट्याला अकरा दिवस आले. रिक्षा बंद, सायकलला पंक्चर, चालत जायचो; अकरा दिवसांच्या मजुरीसाठी एवढा ताप, म्हणून घरी चिडचिड करायचो. 30 जूनला संध्याकाळी सांगितलं, "कळवतो." अजून कळवतायत. ग्रॅच्युइटीचा विषय वेगळा आहे, तो इथं काढत नाही.

जुलैत शहर पुन्हा दहा दिवस बंद. ऑगस्ट-सप्टेंबर बायकोच्या विड्यांवर आणि किराणा दुकानदाराच्या वहीवर काढले. दसऱ्याच्या मुहूर्तावर कन्ना चौकाकडच्या एका हार्डवेअरच्या दुकानात लागलो, तिथंच अजून आहे. आम्ही सगळे मिळून सहा माणसं, त्यामुळं तिथं ईएसआय नाही.

आता खरं सांगायचं तर अक्काचं पासबुक बघूनही मी तीन-चार दिवस काहीच केलं नाही. एक तर वाटलं, मी आता कामाला लागलोय, मला कोण देणार. दुसरं, वाटलं उशीर झालाय, दहा महिने गेले. आणि तिसरं कारण जरा लाजेचं आहे. माझे वडील मिलमध्ये होते, मिल बंद पडली तेव्हा त्यांनी हातगाडीवर पेरू विकले, पण कुणापुढं अर्ज घेऊन गेले नाहीत. हे आमच्या घरात मोठ्या अभिमानानं सांगितलं जातं. बेकारीचे पैसे मागायला मी जावं हे मला रेशनच्या रांगेत दुसऱ्याचं कार्ड घेऊन उभं राहिल्यासारखं वाटत होतं. थोरली बीकॉमला आहे. ती म्हणाली, "अप्पा, विम्याचा हप्ता भरलाय तुम्ही. एलआयसीचे पैसे घ्यायला लाजता का?" याला माझ्याकडं उत्तर नव्हतं.

योजनेचं नाव अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना. 1 जुलै 2018 ला सुरू झाली. मूळ नियमात सरासरी रोजाच्या पंचवीस टक्के, तेही नोकरी जाऊन तीन महिने झाल्यावर, आणि अर्ज मालकामार्फत. कोरोनात हे सैल केलं. 24 मार्च 2020 नंतर ज्यांचं काम गेलं त्यांना पन्नास टक्के, तीनऐवजी एका महिन्यानंतर, आणि अर्ज थेट विम्याच्या शाखेत. जास्तीत जास्त 90 दिवसांचे पैसे, आणि सबंध आयुष्यात एकदाच. विमा किमान दोन वर्षांचा हवा. काम जायच्या लगेच आधीच्या सहामाहीत 78 दिवस भरलेले हवेत आणि त्याआधीच्या तीन सहामाह्यांपैकी एकीत 78. या सहामाह्या एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च अशा धरतात. माझी ऑक्टोबर 2019 ते मार्च 2020 ची सहामाही जवळजवळ पूर्ण होती. म्हणजे तिथं अडचण नव्हती.

थोरलीनं हे सगळं मोबाइलवर वाचून दाखवलं आणि मग एका ओळीवर थांबली. अर्ज काम गेल्या तारखेपासून एक वर्षाच्या आत करायचा.

"तुमची तारीख कोणती, अप्पा?"

मला सांगता येईना. काम 21 मार्चला थांबलं. पण जूनमध्ये अकरा दिवस गेलो. पण त्याला काय कामावर असणं म्हणायचं? कारखान्यानं जर मार्चच लिहिला असेल तर वर्ष संपून तीन आठवडे झाले होते. जून लिहिला असेल तर अडीच महिने हातात होते. चौदा वर्षांत मी लाखो टॉवेल तपासले असतील, पण स्वतःच्या नावापुढं ऑफिसात काय लिहिलंय ते एकदाही तपासलं नव्हतं.

बघायचं तर पोर्टलवर जावं लागतं, आणि तिथं ओटीपी येतो. तो आला, पण आम्हाला नाही. माझी नोंद करताना ऑफिसातल्या कुणीतरी भलताच मोबाइल नंबर टाकला होता. शेवटचे दोन आकडे कुणाचे आहेत ते आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही. म्हणून शाखेत जावं लागलं. दुकानातून अर्ध्या दिवसाची रजा. दाराशी दोरी बांधलेली, एकेकाला आत सोडत होते. माझ्या पुढं पाचजण, सगळे मास्क नाकाखाली घेऊन बोलत होते. नंबर बदलायचा अर्ज, आधारची झेरॉक्स, सही. काउंटरवरच्या मॅडमनी कार्डाचा नंबर टाकून बघितलं तेव्हा मी धीर करून विचारलं, "मॅडम, माझी शेवटची तारीख काय दिसतीय?"

त्यांनी मान जरा तिरकी करून वाचलं. "तीस सहा दोन हजार वीस."

मला त्या काचेवर डोकं टेकवावंसं वाटलं. ज्या अकरा दिवसांना मी शिव्या घातल्या होत्या त्यांनी मला तीन महिने मिळवून दिले होते.

"पण कारण 'लेफ्ट सर्व्हिस' टाकलंय," मॅडम म्हणाल्या. "तुम्ही सोडलं का काम?"

"मी कशाला सोडू? बोलावलंच नाही."

"मग हे बघून घ्या. स्वतःहून सोडलं असेल तर बसत नाही."

हे नीट सांगतो, कारण माझं सगळं घोडं इथंच अडलं. कारखाना दर महिन्याला प्रत्येक कामगाराचे दिवस ऑनलाइन भरतो. ज्याचे दिवस शून्य, त्याच्यापुढं कारणाचा आकडा टाकावा लागतो. 1 म्हणजे रजेवर, 2 म्हणजे नोकरी सोडली, 10 म्हणजे कामगार कपात, 11 म्हणजे काम नाही. मे महिन्याला माझ्यापुढं 11 होता. जुलैला 2. भरणाऱ्यासाठी तो यादीतला एक आकडा असतो. पण माझ्या अर्जात त्याचा अर्थ असा होत होता की हा माणूस आपण होऊन घरी बसला.

नव्या नंबरवर ओटीपी आला त्या दिवशी थोरलीनं ऑनलाइन अर्ज भरला. 27 एप्रिल. आधारवर माझ्या नावात एक इंग्रजी अक्षर जास्त आहे, त्यामुळं एक संध्याकाळ वाया गेली. छापील कागद हवा म्हणून नेट कॅफेत गेलो तर तिथला पोरगा छातीठोकपणे म्हणाला, स्टॅम्पवर प्रतिज्ञापत्र लागतंय. शंभराचा स्टॅम्प घेतला. शाखेत कळलं की प्रतिज्ञापत्राची अट आदल्या नोव्हेंबरातच काढून टाकलीय. तो कोरा स्टॅम्प अजून आमच्या कपाटात आहे.

सोबत एक पत्र जोडायचं ठरवलं. नियमानं लागत नव्हतं, वर्ष उलटलं नव्हतं. पण दहा महिने गप्प बसून एकदम मागचे पैसे मागणारा माणूस कसा दिसेल, हे माझ्या डोक्यातून जाईना. मी रात्री बसून दोन पानं लिहिली. त्यात बायकोच्या विड्या होत्या, किराण्याची वही होती, वडिलांचे पेरूसुद्धा होते. थोरलीनं वाचलं, काही बोलली नाही, आणि वेगळ्या कागदावर हे लिहिलं:

"मी 30 जून 2020 पर्यंत सदर कारखान्यात कामास होतो. काम उपलब्ध नसल्याने त्यानंतर मला बोलावण्यात आले नाही. 25 ऑक्टोबर 2020 पासून मी एका दुकानात कामास आहे. तेथे ईएसआय लागू नाही. योजनेची माहिती मला एप्रिल 2021 मध्ये मिळाल्याने अर्जास उशीर झाला. तरी 1 जुलै ते 28 सप्टेंबर 2020 या 90 दिवसांचा लाभ मिळावा, ही विनंती."

मी म्हटलं, यात तर काहीच नाही. ती म्हणाली, तारखा आहेत. आणि दुकानाचं का लिहिलंस, ते कळलं तर देणार नाहीत, असं मी म्हटल्यावर ती अडून बसली. लपवायचं नाही. झालं तर झालं.

कागद द्यायला गेलो तेव्हा मॅडमनी तीच ओळ आधी वाचली. "दसऱ्यापासून कामाला आहात?" मी म्हटलं, होय. गेलं सगळं, असंच वाटलं. त्या म्हणाल्या, "मग ठीक आहे. नव्वद दिवस त्याच्या आधीच संपतायत." म्हणजे दुसरं काम लागलं म्हणून मधला रिकामा काळ पुसला जात नाही. नव्वद दिवसांच्या आत काम लागलं असतं तर तेवढेच दिवस कमी मिळाले असते, इतकंच. मी तीन-चार दिवस ज्या भीतीपायी घरी बसलो होतो ती अर्ध्या मिनिटात निकालात निघाली. आणि पोरीचं ऐकलं हे बरं झालं.

मग शाखेतून फोन आला की कारणाबद्दल कारखान्याचं पत्र आणा.

मेच्या पहिल्या पंधरवड्यात शहर कडक बंद होतं. दुकान बंद, रस्त्यावर पोलीस. मी घरात कॅलेंडर बघत बसायचो. अर्ज ऑनलाइन गेला होता, तारीख पडली होती, तरी मन सांगायचं की 30 जूनला सगळं परत येईल. 20 तारखेनंतर सायकल काढली आणि अकरा महिन्यांनी त्या गेटवर गेलो. वॉचमन तोच. त्यानं हात जोडले, मीही जोडले. आतून मागांचा आवाज येत होता, सगळे नव्हे, आठ-दहा चालू असतील. चेकिंगच्या टेबलावर दोन नवीन पोरं होती. एकानं घडी चुकीची घातली होती. मी काही बोललो नाही.

ऑफिसातल्या कारकुनाला वाटलं मी काम मागायला आलोय. पत्राचं सांगितल्यावर तो खुर्चीत मागं रेलला. "सगळ्यांनाच दोन नंबर टाकलाय. त्यात काय एवढं?" म्हटलं, त्यात माझे नव्वद दिवसांचे पैसे आहेत. तो म्हणाला, "आम्ही काढलं असं लिहून देऊ, आन् उद्या तू तो कागद घेऊन कोर्टात गेलास तर?" त्याचं चुकीचं नव्हतं, कपात म्हटली की नुकसानभरपाईचा प्रश्न येतो. मी म्हटलं, 'काढलं' लिहू नका. 'काम नव्हतं' लिहा. ते तर खरंय?

तेवढ्यात मालक आले. चौदा वर्षांत त्यांनी मला नावानं दोनदा हाक मारली असेल. ऐकून घेतलं, थोडा वेळ टेबलावरचा नॅपकिनचा नमुना बोटांनी चोळत उभे राहिले आणि म्हणाले, "नव्हतंच की काम. लिहून दे त्याला." लेटरहेडवर तीन ओळी: लॉकडाऊनमुळे काम उपलब्ध नसल्याने सदर कामगारास 30 जून 2020 नंतर कामावर घेता आले नाही. सही, शिक्का. शिक्का पुसट उठला म्हणून मी दुसऱ्यांदा मारायला लावला. कारकून वैतागला. पण मी चेकिंगचा माणूस.

बाहेर पडताना त्यानं मागून विचारलं, "नव्वद दिवसांचे पैसे मिळत्यात व्हय रे खरंच?"

पत्र दिलं तरी एक खोट निघालीच. माझी बँक दुसऱ्या मोठ्या बँकेत विलीन झालेली आणि 1 एप्रिल 2021 पासून जुना आयएफएससी कोड बाद. माझ्या पासबुकावर जुनाच. नवं पासबुक छापून घेतलं, झेरॉक्स जोडली, 8 जूनला पुन्हा जमा केलं. त्या दिवशी मॅडमनी कॅल्क्युलेटरवर रक्कम करून दाखवली. मी घरी केलेला हिशोब जास्त येत होता, कारण मी पगाराला सव्वीसनं भागत होतो, पाळीचा रोज काढतात तसा. इथं चार सहामाह्यांची सगळी कमाई एकत्र करून 730 नं भागतात, रविवारसकट. माझे 2,67,180 झाले होते. भागिले 730 म्हणजे 366. त्याचे निम्मे 183. गुणिले 90.

9 जुलैच्या शुक्रवारी दुपारी मी दुकानात पीव्हीसीचा पाइप कापत होतो तेव्हा मेसेज आला. 16,470. गिऱ्हाईक म्हणालं, "ओ, आडीच फूट सांगितलं होतं." मी तीन कापला होता.

संध्याकाळी किराणावाल्याची वही मिटवली. ते सहा हजारांच्या वर होते. उरलेल्यातून थोरलीची फी. अक्काला फोन केला तर ती म्हणाली, "आता तरी पेढे आण."

रविवारी मी जोडीदाराकडं गेलो. जोडीदार म्हणजे चेकिंगच्या टेबलावर माझ्या समोर बसायचा तो. जूनमधले अकरा दिवस आम्ही दोघं बरोबर चालत गेलो होतो. आता तो भाजीचा गाडा लावतो. पेढ्याचा पुडा बघून त्यानं विचारलं, काय विशेष. मी सांगितलं. सगळं सांगितलं, एप्रिलपासूनचं.

एप्रिलपासून मी त्याला सांगितलं नव्हतं. आधी आपले येऊ देत, मग सांगू. उगाच आशा लावायची आणि हाती काही लागायचं नाही, असं मनाशी म्हणत राहिलो. मे गेला, जून गेला. त्याच्या गाड्यावरून मी या काळात चार वेळा तरी टोमॅटो घेतले असतील.

थोरली माझ्यासोबत आली होती. तिनं त्याच्या मोबाइलवर पोर्टल उघडलं. त्याचा नंबर बरोबर होता, ओटीपी लगेच आला. तारीख आली: 30 जून 2020. त्या दिवशी 11 जुलै होती.

जोडीदारानं माझ्याकडं बघितलं आणि मग पुडा उघडून थोरलीला पेढा दिला. म्हणाला, "अर्ज तर करून बघू. पत्र लिहितीस ना बाळ, तुझ्या अप्पासारखं?"

तिनं वहीचं पान फाडलं. नाव, कार्डाचा नंबर, शेवटची तारीख लिहिली. मग पेन तसंच धरून विचारलं, "काका, उशीर का झाला म्हणून लिहू?"

ती विचारत त्याला होती, पण बघत माझ्याकडं होती.